लिहून दिलेला डोस

१

लाल बावटा समोर फडकत असताना गाडी थांबली नाही.

तळोज्याच्या एका कारखान्यात जाणाऱ्या रेल्वे सायडिंगवर त्या सकाळी मालाचे डबे मागे ढकलले जात होते. रूळ रस्ता ओलांडून जायचे आणि तिथे फाटक नव्हतं. देवजी भोईर हा कारखान्याचा माणूस रस्त्यात उभा राहून बावटा दाखवायचा. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे या. समोरून पांढरी फियाट आली, जराशी हळू झाली आणि मग कुणी हात करून बोलावल्यासारखी निवांत रुळांवर चढली.

डबा गाडीच्या डाव्या अंगावर आदळला. गाडी चालवणारे डॉ. रमाकांत सुखटणकर मोडलेल्या हातावर वाचले. त्यांच्या शेजारी बसलेली पुतळा पाटील जागीच गेली. दिघ्याच्या त्यांच्या क्षय उपचार केंद्रात ती नर्स होती. वय बावीस.

"बावटा हिरवा होता," डॉक्टरांनी खाटेवरून जबाब दिला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"लालच व्हता सायेब," देवजी म्हणाला. "हिरवा तं माज्या काखंत गुंडालेला व्हता."

डॉक्टर क्षयरोग्यांसाठी झिजलेला माणूस. मागच्याच महिन्यात त्यांचा सत्कार झाला होता. देवजी हा सायडिंगवरचा कामगार. त्याला कोठडीत टाकायला कुणाला फार विचार करावा लागला नाही. बाहेर पुतळाच्या गावचे लोक त्याच्या नावाने दगड घेऊन उभे होते.

इन्स्पेक्टर दिनानाथ ठोंबरे यांना मात्र चैन पडेना. डबे ढकलणारे दोन खलाशी शपथेवर सांगत होते की बावटा लाल होता. आणि डॉक्टर खोटं बोलत असतील, असंही त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. खोटं बोलणारा माणूस थोडा तरी घोटाळतो. डॉक्टर संतापले होते, रडले होते, पण घोटाळले नव्हते.

दोघंही खरं बोलत असतील तर?

ठोंबऱ्यांनी दुसऱ्या दिवशी ठाण्याला फोन लावला आणि डोळ्यांची डॉक्टर बोलावली.

२

डॉ. चारुलता गमरे मूळची खेडची. अंगाने बारीक, बोलायला तुटक. तिने डॉक्टरांच्या खाटेजवळ स्टूल ओढलं आणि रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.

"यात आकडा दिसतो?"

"नुसते ठिपके आहेत."

तिने पान उलटलं. पुढच्याही पानावर नुसते ठिपके. मग तिने आपल्या पेनाचं लाल टोपण त्यांच्यासमोर धरलं.

"याचा रंग?"

"तपकिरी." डॉक्टर वैतागले. "चष्म्याचा नंबर वाढलाय माझा. छप्पन्न वर्षांचा आहे मी. दोनतीन महिने सगळं जरा धुरकट दिसतंय, त्यात एवढं काय?"

"तुमच्या केंद्रातले पेशंट कधी असं सांगतात का? सगळं धुरकट दिसतं म्हणून?"

"सांगतात. अशक्तपणा असतो. त्यांचं ऐकून गोळ्या बंद केल्या तर एकही बरा होणार नाही. माझ्याकडे उपचार अर्धवट सोडून गेलेला एकही पेशंट नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

चारुलताने त्यांच्या डोळ्यांत बॅटरीचा झोत टाकला, बराच वेळ पाहिलं आणि शेवटी एकच विचारलं, "तुम्हाला स्वतःला क्षय झाला होता?"

"कधीच नाही."

बाहेर व्हरांड्यात ठोंबरे वाट बघत होते.

"देवजीला सोडा," ती म्हणाली. "त्याने लालच दाखवला होता. यांना लाल दिसत नाही."

"जन्मापासून?"

"नाही. क्षयावर एक गोळी आहे, एथॅम्ब्यूटॉल. चांगली गोळी आहे, माणसं वाचवते. पण वजनाच्या मानाने जास्त गेली तर डोळ्याच्या नसेवर येते. आधी लाल-हिरवा जातो, मग नजरच जाते. म्हणून ती देताना दर महिन्याला डोळे तपासायचे असतात. तक्रार आली की गोळी त्याच दिवशी बंद. वेळेत बंद केली तर बहुतेकांची नजर परत येते."

"पण डॉक्टरांना तर क्षय नाही."

"तेच म्हणतेय मी." अपघाताच्या दिवशी डॉक्टरांची लघवी तपासायला घेतली होती. तिचा उरलेला नमुना तिने स्वतः सील करून मुंबईच्या प्रयोगशाळेत धाडायला लावला. "रिपोर्ट येईल तेव्हा येईल. पण माझी खात्री आहे. कुणीतरी कित्येक महिने या माणसाला रोज ती गोळी खाऊ घालतंय."

३

रिपोर्ट आला. चारुलताचं म्हणणं खरं निघालं.

डॉक्टरांच्या पत्नी सुलभाताई घाबरून गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाहीत हो ते. जेवायला घरी येतात. फक्त सकाळी कारल्याचा रस नेतात थर्मासमधून, डायबेटिससाठी. तोच रस मीही पिते, एकाच भांड्यातला."

"तुम्हाला रंग नीट दिसतात?"

दिसत होते. पुस्तकातले सगळे आकडे त्यांनी धडाधड वाचले.

"एक मात्र आहे," निघताना त्या म्हणाल्या. "हल्ली ते म्हणायचे, कारली फार कडू येतात. मला तर नेहमीसारखीच लागायची."

म्हणजे रस घरातून निघताना चांगला होता आणि केंद्रात बिघडत होता.

केंद्र दिघ्याच्या वस्तीत, डोंगराच्या पायथ्याला होतं. दोन खोल्या, पुढे ओटा. थर्मास मागच्या खोलीत फळीवर असायचा. त्या खोलीत रोज जाणारी माणसं चार. पुतळा आता नव्हती. उरले तिघे.

पहिला कंपाउंडर किसन तांबे. त्याने विचारायच्या आधीच हात जोडले. "साहेब, गोळ्यांच्या कपाटाला आमी हात लावत नाय. चावी डॉक्टरांकडे. मोजून काढतात, मोजून देतात."

"मग तुझ्या खिशात ही पाकिटं कसली?" ठोंबऱ्यांनी त्याच्या शर्टाचा वरचा खिसा चाचपला होता.

किसन पांढरा पडला. "माझ्या आहेत साहेब. मला पण झालाय. लग्न ठरलंय माझं, मुलीकडच्यांना कळलं तर खलास. डॉक्टर गुपचूप देतात. फुल टेन्शनमध्ये आहे मी."

"डॉक्टरांशी भांडण?"

"शिव्या घालतात. ते काय, सगळ्यांनाच घालतात."

दुसरी भिमाबाई. जालन्याकडून दुष्काळात आलेली, आता चाळिशीची. झाडलोट, भांडी, पाणी भरणं तिच्याकडे. पदर तोंडावर धरून ती खोकत होती.

"डाक्टरानं मला कामाला ठेवलं, ताई," ती म्हणाली. "मालक गेल्यावर कुणी इचारीत नव्हतं. त्येंनीच बोलावलं. माझं दुखणं बी त्येच बघत्यात."

"तुम्हालाही क्षय आहे?"

"व्हय. वरीस होत आलं. एक गोळी चुकवली न्हाई म्या."

तिचा नवरा भगवान याच केंद्रातून गोळ्या घ्यायचा, असं किसनने सांगितलं होतं. तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात होता. पिंपांचे रंग चुकायला लागले म्हणून काढून टाकला. मग कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करायला गेला. ट्रकमधून बाहेर आलेल्या सळ्यांच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं असतं. ते त्याला दिसलं नाही. चालत चालत सरळ सळ्यांवर गेला.

"डॉक्टरांचा राग नाही येत?" चारुलताने विचारलं.

भिमाबाईने तिच्याकडे पाहिलं. "राग धरून गरिबाचं पोट भरतं का, ताई?"

तिसरा गोटीराम पाटील. केंद्राची जागा त्याची. एकेकाळी खाडीवर मिठागरात काम केलेला, आता साठीचा, काठी टेकत रोज येऊन मागच्या खोलीत बसणारा. मेलेली पुतळा त्याचीच मुलगी. त्याचा स्वतःचा क्षय याच केंद्रात बरा झाला होता, पण नजर गेली होती. समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी त्याला करडा ठिपका दिसायचा.

"मी त्याला बोललो व्हतो," गोटीराम म्हणाला. "डागतर, मना दिसत नाय. बोलला, अशक्तपना हाय, दूध पी. परत बोललो. बोलला, नखरे करतंस. तवा मी त्याला सगल्यांसमोर बोललो, तुजे बी डोले जातील. मंग त्यानी माज्या गोल्या बंद केल्या, मना यादीतून काडून टाकला. दीड वरीस झाला."

"तरी रोज इथे येऊन बसायचात?"

"माजी जागा हाय." त्याने काठी आपटली. "त्याला रोज माजं थोबार दिसला पायजे, म्हनून बसाचो."

ठोंबऱ्यांनी हळूच विचारलं, "आणि रस ग्लासात ओतून डॉक्टरांना कोण द्यायचं?"

उत्तर दारातून किसनने दिलं.

"पुतळा."

४

"सरळ आहे," परतताना जीपमध्ये ठोंबरे म्हणाले. "बापाचे डोळे गेले. पोरीने सूड घेतला. रस तिच्याच हातात असायचा. आपणच लावलेल्या सापळ्यात ती मेली. केस बंद."

"आणि गोळ्या? कपाट तर डॉक्टरांच्या ताब्यात."

"नर्स होती ती. कुठून तरी मिळवल्या असतील."

हे बोलणं चौकीतून वस्तीत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गोटीराम काठी आपटत चौकीत शिरला. कुणीतरी त्याला दारापर्यंत आणून सोडलं होतं. ठोंबरे उठून पुढे झाले, तेव्हा त्याने आवाजाच्या रोखाने काठी हाणली. ती टेबलावर बसून मोडली.

"माजी पोर गेली! अजून राख नाय थंड झाली, आन तू तिला खुनी बनवतंस?" "ज्यानी केला त्याला माज्या हातात दे. माजे डोले नसतील, हात हायेत."

चारुलताने त्याला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती ठोंबऱ्यांना म्हणाली, "साहेब, एक साधी गोष्ट सांगा. ज्या माणसाची नजर आपण रोज मारतोय, त्याने गाडी हातात घेतल्यावर त्याच्या शेजारी कुणी बसेल का?"

ठोंबऱ्यांनी मोडलेली काठी उचलून टेबलाला टेकवली.

"डॉक्टर एरवी गाडी चालवतच नव्हते. ड्रायव्हर आहे त्यांचा. तो त्या दिवशी गावाला लग्नाला गेला म्हणून ते स्वतः बसले. पुतळाला ठाऊक असतं तर ती काहीतरी सबब काढून मागे राहिली असती. ती हसत जाऊन बसली. आणि आज डॉक्टर स्वतःच चालवणार हे ऐकूनही गोटीरामकाकांनी तिला ओट्यावरून हात करून निरोप दिला, हे सगळ्या वस्तीने पाहिलंय. हे दोघं यात नाहीत. ज्याने केलं त्याला वाटत होतं की डॉक्टरांची नजर गेली तर फक्त डॉक्टरांचं नुकसान होईल."

गोटीरामच्या दृष्टिहीन डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलंही नाही.

"मग उरले दोन," ठोंबरे म्हणाले. "किसन आणि भिमाबाई. दोघंही त्याच खोलीत, दोघांकडेही त्याच गोळ्या. कसं ओळखणार?"

"उद्या सकाळी मला बांगड्या लागतील," चारुलता म्हणाली. "काचेच्या. लाल आणि हिरव्या, मिसळलेल्या."

५

सकाळी केंद्राच्या ओट्यावर कासाराकडून आणलेल्या बांगड्यांचा ढीग पडला होता. ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वस्तीतल्या अर्ध्याअधिक लोकांना वाचता आले नसते. बांगड्यांना अक्षर लागत नाही.

तिने फक्त संशयितांना बोलावलं नव्हतं. केंद्रातून ती गोळी घेणारे जेवढे हाताशी लागले तेवढे सगळे बोलावले. "लाल इकडे, हिरव्या तिकडे," एवढंच सांगायचं.

पहिली आली गिरजाबाई, भाजी विकणारी. तिने मोठ्या विश्वासाने दोन ढीग केले आणि दोन्हीत दोन्ही रंग आले. मागे उभ्या असलेल्या बाया आधी हसल्या. मग सिताराम नावाच्या तरुण हमालाचंही तसंच झालं, तेव्हा हसणं थांबलं. तिसऱ्याचं बरोबर आलं, चौथीचं चुकलं. ओट्यावर नुसता बांगड्यांचा आवाज राहिला. आपलं काहीतरी गेलंय आणि ते आपल्याला कळलंच नव्हतं, हे एकेकाच्या चेहऱ्यावर उमटत होतं.

किसनची पाळी आली. त्याने भराभर वाटणी केली आणि वर बघितलं. "झालं. बरोबर ना?"

हिरव्यांच्या ढिगात सातआठ लाल बांगड्या होत्या.

"बरोबर ना?" त्याने परत विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"आजपासून ती गोळी बंद," चारुलता त्याला म्हणाली. "दुसरं औषध लिहून देते. वेळेत सापडलंय, घाबरू नकोस. येईल नजर."

शेवटी भिमाबाई बसली. बांगड्यांना हात लावताना ती क्षणभर थांबली. नवरा गेल्यापासून तिने बांगडी हातात घेतली नव्हती. मग झपझप दोन ढीग झाले. एक लाल, एक हिरवा. एकही चूक नाही.

ठोंबऱ्यांनी सुस्कारा सोडला आणि चारुलताला बाजूला घेतलं. "म्हणजे ही सुटली. डोळे चांगले आहेत हिचे. किसनला घेतो मी ताब्यात. डोळे गेलेत म्हणून डूख धरला त्याने."

"उलट आहे, साहेब," चारुलता म्हणाली. "किसनला आत्ता, तुमच्यासमोर कळलं की त्याचे डोळे बिघडलेत. आणि ते बिघडलेत याचा अर्थ तो आपल्या गोळ्या स्वतः गिळतोय. डॉक्टरांना द्यायला त्याच्याकडे उरतंय काय?"

ठोंबऱ्यांनी वळून ओट्यावरच्या किसनकडे पाहिलं.

"सगळ्यांचेच डोळे जातात असं नाही. कुणाकुणाला ही गोळी सोसते. त्यामुळे नुसत्या बांगड्यांवर मी कुणाला धरणार नाही. पण परवा भिमाबाई खोकत होती ते ऐकलंत? वर्षभर एकही गोळी न चुकवलेल्या माणसाचा क्षय असा वर येत नाही. मी काल तिचा बेडका तपासायला दिला. जंतूंनी भरलाय." तिने मागे वळून पाहिलं. भिमाबाई बांगड्या परत एका फडक्यात बांधत होती. "तिने औषध घेतलंच नाही, साहेब. मग ते गेलं कुठे?"

६

भिमाबाईचं घर डोंगराच्या चढावर होतं, पत्र्याचं. चारुलता आणि ठोंबरे आत शिरले तेव्हा तिने पळायचा प्रयत्न केला नाही. उलट त्यांना बसायला गोणपाट टाकलं. कोपऱ्यात पाटा होता, धुऊन पुसून भिंतीला टेकवलेला.

"यावर वाटायच्या का?" चारुलताने विचारलं.

"व्हय."

एवढ्या सरळ उत्तराची ठोंबऱ्यांना अपेक्षा नव्हती. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, चारुलताने हाताने थांबवलं.

"मालकाला म्या मुंबैच्या मोठ्या दवाखान्यात नेलं व्हतं," भिमाबाई म्हणाली. "तिथल्या डाक्टरानं चिठ्ठी बघितली अन् कपाळाला हात लावला. म्हनला, डोस डबल हाय, ह्येच्यानंच डोळे चाललेत, आजच बंद करा. म्या पळत आले हितं. सुखटणकर डाक्टरला सांगितलं. तो हसला. म्हनला, कालची पोरं मला शिकवत्यात व्हय? मालकाला म्हनला, गोळ्या चालू ठेव, न्हाईतर मरशील. मालक भ्याला. मरायला भ्याला अन् गिळत ऱ्हायला." ती खोकली, पदराने तोंड पुसलं. "मंग कळंबोलीला गेला. सळई हितून घुसली व्हती. लाल चिंधी तिच्या टोकाला तशीच व्हती, रगतात भिजल्याली."

बाहेर कुणाच्या तरी नळावर भांडी वाजत होती.

"त्येनं मला काम दिलं. लोक म्हनले, देवमानूस हाय. म्या बी गप ऱ्हायले. मंग मला बी झालं. त्येनं चिठ्ठी लिहिली. त्याच गोळ्या, तेवढ्याच. अन् म्हनला, भिमाबाई, डोळ्याचं काय मनावर घेऊ नको, तुमच्या लोकांला सवयच असते कुरकुर करायची."

तिने पाट्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी ठरवलं. त्येनं मला लिहून दिलेला डोस त्येलाच द्यायचा. वर एक गोळी न्हाई, कमी बी न्हाई. मला मारायचं नव्हतं त्येला. मारून काय? त्येला दिसायचं हळूहळू बंद व्हावं, त्येनं ह्या डाक्टरकडं जावं, त्या डाक्टरकडं जावं, अन् समद्यांनी त्येला म्हनावं, अशक्तपना हाय. एवढंच पायजे व्हतं मला."

"आणि तुमचा स्वतःचा आजार?" चारुलताने विचारलं. "औषध घेतलं नाही तर आपण मरू हे ठाऊक होतं?"

"ठाव व्हतं. मला कुनासाठी जगायचं व्हतं? मूल न्हाई, बाळ न्हाई."

"वस्तीत खोकत फिरत होतात. आणखी कितीजणांना दिलात रोग?"

भिमाबाईने पदर तोंडावर घट्ट दाबला.

"आणि पुतळा?" ठोंबरे म्हणाले.

इतका वेळ दगडासारखा असलेला तिचा चेहरा तेव्हा फुटला. "ती मला भाकर द्यायची घरची," ती म्हणाली. "गाडीत बसली तवा म्या आत ग्लास धूत व्हते. डायवर न्हाई ह्ये मला गाडी सुरू झाल्यावर कळलं. धावले म्या. नाक्यापतुर धावले. गाडी गेली."

तिने दोन्ही हात ठोंबऱ्यांपुढे केले. बेडी घालायला.

७

डॉ. सुखटणकरांना चारुलताने स्वतः सांगितलं. त्यांनी घसा खाकरून विचारलं, "माझी नजर येईल परत?"

"येईल. तुमची गोळी वेळेत बंद झाली."

"नक्की?"

"हे तुम्ही भगवानला सांगायला हवं होतं," ती म्हणाली आणि उठली. त्यांच्यावरही गुन्हा दाखल करायला लागणारं वैद्यकीय मत तिने ठोंबऱ्यांच्या हाती त्याच दिवशी दिलं. दिघ्यात कुणाकुणाचे बांगड्यांचे ढीग चुकले, त्या नोंदीसकट.

भिमाबाईला पहाऱ्यात क्षयाच्या वॉर्डात ठेवलं होतं. तिथे तिने तोंड उघडायचं नाकारलं. जेवण नाही, औषध नाही. चारुलताने नवी औषधं लिहून दिली होती, वजन करून, डोळे तपासून. ती तशीच ताटलीत पडून राहायची. नर्स समजावून थकल्या.

एका दुपारी किसनच्या खांद्यावर हात ठेवून गोटीराम वॉर्डात आला. पहारेकरी उठला, पण चारुलताने त्याला खुणेने बसवलं. गोटीराम खाट चाचपत तिच्या उशाशी उभा राहिला.

"मराचा हाय तुला?" त्याने विचारलं.

भिमाबाईने भिंतीकडे तोंड केलं.

"तुज्या मराचा मना काय सुख नाय," तो म्हणाला. "तू मेलीस तं कोर्टात तो डागतर एकलाच बोलेल. बोलेल, मी देवमानूस, ही बाई येडी. भगवानचा कोन सांगेल? माजे डोल्यांचा कोन सांगेल? तू जगाची. तिथं उबी ऱ्हाची आन सगला बोलाची. मंग माजे पोरीसाठी तुला जी सजा व्हईल ती मी कानांनी ऐकाची हाय. तवर तुला सोरनार नाय मी."

त्याने हात पुढे केला. नर्सने त्यात ताटली दिली. ताटली बराच वेळ तशीच हवेत राहिली. मग भिमाबाई उठून बसली आणि तिने गोळ्या उचलल्या.

"गिललीस?"

"व्हय."

"बाई, हिचा तोंड बघ," तो नर्सला म्हणाला. नर्सने बघितलं. तोंड रिकामं होतं.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. दुपारी यायचा, तिने गोळ्या गिळल्या की जायचा. दोघांमध्ये दुसरं काही बोलणं होत नसे. तिचा खोकला कमी झाला, अंगावर मांस आलं. चारुलता दर महिन्याला येऊन तिचे डोळे तपासायची आणि ते उपचार संपेपर्यंत चांगले राहिले.

खटला उभा राहिला तेव्हा भिमाबाई साक्षीच्या पिंजऱ्यात ताठ उभी होती. वकिलांनी तिला फार अडवलं नाही, कारण ती काहीच लपवत नव्हती. तिने आपला गुन्हा सांगितला आणि त्याच आवाजात डॉक्टरांचा सांगितला. मागून गिरजाबाई आली, सिताराम आला, किसन आला. आपलं दुखणं चारचौघांत बोलून दाखवल्यामुळे किसनचं लग्न मोडलं होतं, तरी तो आला. डॉ. सुखटणकरांची नजर तोवर परतली होती. साक्षीला आलेल्या प्रत्येकाचा चेहरा त्यांना स्वच्छ दिसत होता आणि ते एकाकडेही वर बघत नव्हते. त्यांना दोन वर्षांची कैद झाली, पुन्हा औषध लिहून देण्याचा हक्क गेला. भिमाबाईला सात वर्षं झाली.

शिपाई तिला घेऊन निघाले, तेव्हा गोटीराम व्हरांड्यात थांबला होता.

"कुठं हाय ती?"

चारुलताने त्याचा खांदा धरून त्याला तिच्याकडे वळवलं.

"मी तुला माफ नाय केला," गोटीराम म्हणाला.

"म्या मागितली बी न्हाई," भिमाबाई म्हणाली.

तो वाटेतून हलला नाही. "गोल्या संपल्या काय सगल्या?"

"संपल्या. बरी झाले म्हनत्यात."

"बरा झाला," म्हातारा म्हणाला. "आता सात वर्सं जगशील."

आणि त्याने वाट सोडली.